‘एकच खळबळ’ उडाल्यानंतर

भोंगवलीच्या घरात आजीच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर पेपर अंथरलेला असायचा. डब्यांखाली घडी घालून, आणि पुढे लोंबणाऱ्या भागाला कात्रीनं झालर कातरलेली. मी वाचायला शिकले ते थोडंफार शाळेत आणि बरंचसं त्या झालरीवर. त्यामुळे मला बातम्या कायम अर्ध्याच कळल्या. मथळा दिसायचा, मजकूर तूरडाळीच्या डब्याखाली. कधी मथळ्याचाही त्रिकोण कापलेला असायचा. एका फळीवर कितीतरी दिवस ‘यांच्या निधनाने एकच खळ’ एवढंच होतं. ‘बळ’ झालरीत गेलं होतं आणि कोण गेलं ते मागच्या घडीत. डबा उचलून बघायची परवानगी नव्हती, मग गेलेला माणूस मीच ठरवायचे. एकदा आमचे गणिताचे गुरुजी गेले, एकदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष गेला. खळबळ मात्र दोन्ही वेळा एकच.

तेव्हा ते पोरकट वाटायचं. आता आपण सगळेच तेच करतो. फोनवर वरून एक पट्टी सरकत येते, तिच्यात मथळा असतो. खालचा मजकूर जाहिरातीच्या डब्याखाली दडलेला असतो आणि तो डबा उचलण्याइतका धीर आपल्यात नसतो. पुढचं आपण मनानं रचतो आणि मित्राला पाठवून देतो. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, वेब सिरीजची तर ती पूर्ण व्हायच्या आत होते. पण दिवसाकाठी आपण जो वाङ्मयप्रकार सगळ्यात जास्त वाचतो, त्या मथळ्याची समीक्षा करायला कोणी बसत नाही. म्हणून मी बसले. साहित्य: आजीच्या फळ्या, थोडा इतिहास, आणि लहानपणापासूनची खोड की मथळा वाचून झाल्यावर ‘बरं, मग पुढे काय झालं असेल?’ असं विचारायचं.

आधी भाषा. मराठी मथळ्याला कोट्यांचा षौक आहे आणि या कोट्या शब्दशः घ्यायच्या ठरवल्या तर महाराष्ट्र हे भलतंच विलक्षण राज्य ठरतं. इथे पाणी पेटतं, दूध तापतं, साखर कडू होते, कांदा रडवतो आणि वीज मंडळ शॉक देतं. शाळा वाऱ्यावर असतात. लहानपणी मी आमची कौलारू शाळा रायरेश्वराच्या दिशेनं हळूहळू तरंगत जाताना पाहिली आहे, मुलं खिडकीतून हात हलवतायत आणि गुरुजी हजेरी घेतायत. आरोग्य केंद्र स्वतःच सलाईनवर असतं, म्हणजे पेशंटनं गेल्यावर आधी त्याचीच चौकशी करायला हवी. गटाराचं काम ‘युद्धपातळीवर’ चालू असतं. रणगाडा कुठे लावलाय ते मी बरेच दिवस शोधत होते.

‘भीतीचे वातावरण’ हा तर हवामानाचाच प्रकार. आज आकाश निरभ्र, दुपारनंतर भीतीचे वातावरण, सायंकाळी तुरळक ठिकाणी हळहळ. ही हळहळ कोण व्यक्त करतं हेही मला कधी कळलं नाही, कारण बातमीत ती नेहमी ‘व्यक्त होत आहे’, आपोआप, दहिवरासारखी. तसंच ‘चर्चेला उधाण’. भोरपासून समुद्र चांगला दूर आहे, वरंध घाट उतरून महाडला गेलं तरी तो दिसत नाही. पण चर्चेला उधाण इथेही येतं आणि ते पारापर्यंत चढतं.

ही थट्टा झाली. पण या शब्दांचं काम बघा. खळबळ उडते, हळहळ होते, वातावरण असतं. या सगळ्या वाक्यांतून माणूस गायब आहे. घाबरलं कोण, घाबरवलं कोण, पाणी पेटवलं कोणी, शाळा वाऱ्यावर सोडली कोणी? मथळ्यात कर्ता नसतो. तालुक्याच्या वार्ताहराला विचाराल तर तो म्हणेल जागा कमी असते. बरोबर आहे. पण ‘खळबळ’ला जागा होते आणि ठेकेदाराच्या नावाला होत नाही, हा निव्वळ जागेचा प्रश्न नसावा.

दुसरी गोष्ट ‘णार’. होणार, मिळणार, हटणार, धावणार. मराठीतल्या या प्रत्ययाला मुदत नाही. आमचा तालुका धरणांचा. भाटघरचं धरण १९२८ सालचं, इंग्रजांनी त्याला लॉईड धरण नाव दिलं. धरण भोरात आणि ऊस खाली बारामती-फलटणच्या बाजूला. मग वर नीरा-देवघर आलं. त्याच्या कालव्यांनी भोर, खंडाळा, फलटण, माळशिरस भिजणार होते, आणि ते ‘णार’ वर्षानुवर्षं टिकलं. शेजारी वेल्ह्यात गुंजवणी, तिचं पाणी पुरंदरला मिळणार. फळीवरच्या कागदात पाणी मिळणार होतं, तो पिवळा पडून बदलला, नव्या कागदातही पाणी मिळणार होतं. एखाद्या इतिहासकाराला पुढेमागे नुसते मथळेच सापडले तर तो लिहील की विसाव्या शतकाच्या अखेरीस भोर तालुक्यात दर दोन वर्षांनी नवं पाणी येत असे व लोक त्याला कंटाळले होते. पुण्याचा नवा विमानतळ असाच. तो आधी चाकणला होणार होता, मग खेडला, मग पुरंदरला. एकही विमान उतरायच्या आत मथळा तीन ठिकाणी उतरला. आणि मथळा उतरला की त्या गावात सगळ्यांत आधी पोचतो तो जमिनीचा एजंट, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशात तेच कात्रण घेऊन.

म्हणजे मथळ्याला परिणाम असतो. मथळ्यात लिहिलेली गोष्ट घडली नाही तरी तो घडतो. मला मथळ्याची प्रत जोखायला हीच कसोटी बरी वाटते: छापून झाल्यावर त्याचं बिल कोणाच्या हातात पडलं?

या कसोटीवर ‘केसरी’ लावून बघू. ६ जुलै १८९७ च्या अंकात टिळकांचा अग्रलेख आला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला हे वाक्य इतकं पाठ आहे की त्यातला नेमकेपणा दिसेनासा झालाय. कर्ता आहे: सरकार. अवयव आहे: डोके. आणि वाचकाला हो किंवा नाही म्हणावंच लागेल असा प्रश्न आहे. भीतीचे वातावरण नाही, चर्चेला उधाण नाही. लहानपणी मी याचीही पुढची गोष्ट रचली होती. मुंबईत गव्हर्नर सकाळी उठतो, अंक बघतो, चटकन डोक्याला हात लावतो आणि शिपायाला म्हणतो, बघ रे जरा, आहे का?

खरी गोष्ट याहून मजेदार आहे. त्या वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी लागली, पण ती या मथळ्यासाठी नव्हे. आरोप होता १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर: शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. सरकारच्या डोक्याबद्दल उघड शंका घेतलेली चालली, महाराजांचं कवितेत बोलणं चाललं नाही. समीक्षक म्हणून मला सरकारच्या या वाचनाचं कौतुकच वाटतं. कवितेला इतकं मनावर घेणारा वाचक पुन्हा मिळालेला नाही.

१९०८ मध्ये मात्र बिल थेट लेखांवरच आलं. ‘देशाचे दुर्दैव’ १२ मेचा, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ ९ जूनचा. २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मंडाले. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. हेच मथळे आजच्या पट्टीत कसे आले असते बघा: ‘सरकारच्या डोक्याबद्दल टिळकांचं मोठं विधान, वाचून थक्क व्हाल!’ ‘देशासोबत घडलं असं काही की...’ ‘मंडालेच्या तुरुंगात टिळक रोज करायचे हे एक काम’. त्या तीन टिंबांत सगळं आहे. टिंब देणाऱ्याला कोणी मंडालेला पाठवू शकत नाही, कारण त्यानं काही म्हटलेलंच नसतं.

पण जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेली नाही, आणि ‘केसरी’वर तर नाहीच. याच पत्रानं रखमाबाईंच्या खटल्यात त्यांच्या विरुद्ध बाजू घेतली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला जोरात विरोध केला. तेव्हाही भाषा धारदारच होती, कर्ताही होता. बिल मात्र ज्यांच्याकडे गेलं त्या दहा-अकरा वर्षांच्या मुली होत्या आणि त्या पेपर वाचत नव्हत्या.

आता फळीवरच्या माझ्या आवडत्या सालाकडे येते. १९७९. माझा जन्म त्यानंतरचा, पण आजीनं त्या सालचे कागद देवघराच्या वरच्या फळीवर बदलायचे ठेवून दिले होते. तिथे हात पोचत नाही हे कारण. त्या सालात मथळ्यांनी जे केलं ते बघून वाटतं की हे साल कोणीतरी रचलेलं असावं.

२२ मार्चला लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी जयप्रकाश नारायण गेल्याचं जाहीर केलं. श्रद्धांजली वाहिली गेली, सभागृह तहकूब झालं, बातमी आकाशवाणीवरूनही गेली. जयप्रकाश त्या वेळी मुंबईत जसलोक रुग्णालयात होते, आणि जिवंत होते. पुढे ते ८ ऑक्टोबरला गेले, म्हणजे संसदेचं चुकलं ते साडेसहा महिन्यांनी. अमेरिकेत १९४८ साली ‘शिकागो डेली ट्रिब्यून’नं निकाल लागायच्या आत ट्रुमन यांना हरवून टाकलं आणि निवडून आलेले ट्रुमन तोच अंक उंच धरून हसत उभे राहिले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडे तसा फोटो निघाला नाही. आजारी माणसाच्या हातात त्याच्या मृत्यूची बातमी देऊन ‘जरा हसा’ म्हणण्याइतके आपण निबर नव्हतो, हे आपलं त्यातल्या त्यात बरं.

आणि मग जुलैत स्कायलॅब. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा, १९७३ ला वर गेलेली, खाली यायला निघाली. कुठे पडणार ते कोणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे ती प्रत्येक गावावर पडणार होती. इथे ‘णार’ला पहिल्यांदाच मुदत मिळाली. आजीची आठवण अशी:

“पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. पारावर एक जण वाचायचा आन बाकीचे वर बघायचे. सगळ्यांचं म्हननं, आता काय ऱ्हात न्हाई. मग ठिवायचं कशाला? आखाड चालूच व्हता. आमच्या आळीत दोन बोकडं पडली. आमचा कोंबडा मी न्हाई दिला. म्हनलं, पडलं तर पडलं, सकाळी उठवाय कुनी तरी पायजे.”

बुधवार, ११ जुलै. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते तेव्हा स्कायलॅबचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले. जीवितहानी नाही. एस्परन्सच्या स्थानिक मंडळानं अमेरिकेला सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड ठोठावला. तिथल्या सतरा वर्षांच्या एका मुलानं काही तुकडे गोळा केले आणि ते घेऊन विमानानं सॅन फ्रान्सिस्कोला गेला, कारण तिथल्या ‘एक्झामिनर’नं पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले होते. मथळ्याचं बिल मथळा छापणाऱ्यानं रोख भरल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

भोंगवलीत पडलं असतं तर? हे मी शाळेच्या वहीत मागच्या पानांवर तपशीलवार लिहून ठेवलं होतं. तलाठी दुसऱ्या दिवशी येऊन पंचनामा करतो: एक नग लोखंडी वस्तू, अंदाजे वजन सांगता येत नाही, मालक परगावी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘नासा, राहणार अमेरिका’ अशी नोंद चढते आणि पुढची चाळीस वर्षं ती निघत नाही. बांधाच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती पडलं यावरून दोन भावांत दावा लागतो, तो भोरच्या कोर्टात. स्कायलॅबग्रस्तांची यादी निघते, तिच्यात ज्यांच्या शेतात पडलं ते सोडून सगळे. एसटी ‘स्कायलॅब फाटा’ नावाचा विनंती थांबा देते. पहिल्या श्रावण सोमवारी तुकड्याला कोणीतरी शेंदूर लावतं आणि मग तो हलवायचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेहून शास्त्रज्ञ येतो, त्याला नारळ, टोपी, टॉवेल. दुसऱ्या दिवशी मथळा: ‘भोंगवलीचा सर्वांगीण विकास होणार’.

प्रत्यक्षात सकाळी कोंबडा आरवला. दोन बोकडं मात्र परत आली नाहीत. चार दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. आजी अजून म्हणते, “पडायचं ते पडलंच की. फकस्त दिल्लीत पडलं.”

या गोष्टीला आम्ही घरी अजून हसतो. हसता येतं, कारण बिल दोन बोकडांवर भागलं. आणि त्या पेपरावर नाव होतं, तारीख होती, तळाला छापखान्याचा पत्ता होता. खोटं ठरलं तर कोणाला शिव्या द्यायच्या हे पारावर ठाऊक होतं आणि त्या भरपूर दिल्या गेल्या.

सगळ्याच वेळी असं भागत नाही. १० सप्टेंबर २००८ ला युरोपात जमिनीखालचं ते प्रचंड कण-आघातक यंत्र सुरू झालं. त्याच्या आधी आपल्याकडच्या वाहिन्यांनी पृथ्वी गिळली जाणार का, असा प्रश्न दिवसरात्र पडद्यावर नाचवला. शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे आपण काही म्हटलं नाही. टिळकांचंच चिन्ह, पण त्यांनी ते सरकारपुढे उभं केलं होतं, यांनी त्याच्या आड दडी मारली. मध्य प्रदेशातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीनं त्या दिवसांत जीव दिला. ती टीव्हीवरच्या बातम्यांनी घाबरली होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. यंत्र सुरू झालं आणि पृथ्वी आहे तिथेच राहिली.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी, आठवडे बाजाराच्या गावात आली होती. त्याआधी काही दिवस फोनांवर एक मथळा फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आली आहे. त्याच्यावर पेपरचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, वार्ताहर नव्हता. जमावानं त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. भटकणारी माणसं गावात आल्यावर काय वाटायला हवं, हे त्या मथळ्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. बाकीचं गावानं रचलं, मी डाळीच्या डब्यासमोर उभी राहून रचायचे तसं.

हे वाक्य लिहिताना मी थांबले होते. माझ्या बालपणीच्या खेळाला त्या खोलीशेजारी ठेवणं मला आवडलेलं नाही. पण हाताची सवय तीच आहे, अर्ध्या ओळीवरून पूर्ण गोष्ट, आणि ती आपल्या सगळ्यांच्या अंगठ्यात आहे. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल की आपण सावध करतोय. स्कायलॅबच्या वेळी पारावर वाचणाऱ्यालाही तेच वाटत होतं. फरक एवढाच की तो वाचून दाखवत होता आणि ऐकणारे त्याचं तोंड बघत होते. वाचताना तो हसतोय का, त्याला स्वतःला पटलंय का, काल त्यानं काय थापा मारल्या होत्या, हे सगळं मथळ्याबरोबर पोचत होतं.

मागच्या दिवाळीला भोंगवलीत होते. फळ्यांवर आता फुलाफुलांचं प्लास्टिक आहे, त्यावर वाचण्यासारखं काही नाही. रात्री जेवणं झाल्यावर चुलतभावाच्या पोरानं फोन आणला. गावाच्या ग्रुपवर आलं होतं, बिबट्याचा फोटो आणि खाली ‘भोंगवली शिवारात बिबट्या, परिसरात भीतीचे वातावरण’. त्यानं ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं, पारावरच्यासारखं.

“तारीख काय त्याच्यावर?” आजी म्हणाली.

तारीख नव्हती.

“कुठल्या पेपरात हाय?”

पेपर नव्हता. फोटोत बिबट्याच्या मागे भात दिसत होता, उभा, हिरवागार. आमच्याकडची कापणी होऊन गेली होती. हे पोरानंच दाखवून दिलं, मी नाही. तो खूश झाला आणि ग्रुपवर तसं लिहू लागला.

आजीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग उठता उठता म्हणाली, “बरं. तरी पन कुत्रं आत घ्या.”